सावत्र आईचा बोर्ड

बाई कुणाला पहिल्यांदा भेटल्या की नमस्काराच्याही आधी नातं सांगायच्या. माझ्या खांद्यावर हात ठेवायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "मी हिची सावत्र आई." मग त्याच्या चेहऱ्यावर काय काय उमटतं ते त्या मन लावून बघत राहायच्या. मुलींच्या कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवत होत्या, त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं हे फुकटचं प्रात्यक्षिक होतं. समोरचा माणूस आधी माझे हातपाय शाबूत आहेत का ते बघून घ्यायचा आणि मग घाईघाईनं म्हणायचा, छे छे, तुम्ही तर अगदी सख्ख्या आईसारख्या. हे ऐकलं की बाई खूश. "सारखी म्हणजे नक्कल," त्या म्हणायच्या, "मी अस्सल सावत्र आहे." माझ्या शाळेच्या हेडबाई, गॅसची टाकी आणणारा माणूस, रंकाळ्यावर भेळ खाताना शेजारच्या बाकावर बसलेलं अनोळखी जोडपं, कुणी यातून सुटलं नाही. बँकेतल्या कारकुनानं एकदा फॉर्मवर नुसतं 'आई' लिहिलं आणि चालतंय की म्हणाला, तर बाईंनी नवा फॉर्म मागितला. चालतं हे त्यांना ठाऊक होतं; खरं काय ते लिहायला त्या आल्या होत्या.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं मला रोज वाटायचं. पुढची चाळीस वर्षं वाटत राहिलं.

बाई जाऊन आता चार महिने झाले. शाळेच्या ग्रंथालयातून घरी आले की चहा घेऊन मी हे लिहायला बसते आणि चार ओळी झाल्या की उठते. त्यातल्या दोन दुसऱ्या दिवशी खोडते. बाईंबद्दल चांगलं लिहायला घेतलं की त्या मागं उभं राहून 'वात्सल्य' या शब्दाखाली लाल रेघ मारताहेत असं वाटतं. वाईट लिहायला घेतलं की समासात 'पुरावा?' असं येतं.

आई गेल्यावर दीड वर्षानं वडिलांनी दुसरं लग्न केलं. वडील पाटबंधारे खात्यात होते. धरणाच्या खात्यात राहून त्यांनी शब्द अडवायचे तेवढं शिकून घेतलं होतं. घरात ते बोलायचेच नाहीत. बाई जयसिंगपूरच्या, व्यापाऱ्याच्या घरातल्या, पस्तिशीपर्यंत लग्न न करता शिकत राहिलेल्या. त्या घरात आल्या त्या दिवशी मी मधल्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

चिमणी-कावळ्याची गोष्ट आम्हा सगळ्या पोरांना पाठ होती. पावसात शेणाचं घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दारात येतो, दार उघड म्हणतो, आणि चिमणी आतून एकेक सबब सांगत राहते. बाळाचं न्हाणं, बाळाचं काजळ. बाईंनी दारावर टकटक केली. मग बाहेरून आवाज आला, "बाळाला न्हाऊ घालतेय, असं काहीतरी म्हणायचं असतं. कावळा आलाय."

मी कडी काढली नाही. त्यांनी बाहेर चटई टाकली, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेतला आणि दाराला पाठ लावून तपासत बसल्या. मला आतून लाल पेनाची खरखर ऐकू येत होती. अधूनमधून त्या दाराशी बोलायच्या. चिमणीला सगळे चांगली म्हणतात ते का, तर तिचं घर स्वच्छ. शेजारी पावसात भिजतोय आणि ही एका पिल्लाला दोन तास काजळ लावतेय. "मला विचारशील तर तिला कावळ्याची भीती नव्हती," बाई म्हणाल्या. "दार उघडलं तर घर आपल्या एकटीचं राहणार नाही, याची होती."

नऊ वर्षांच्या पोरीला हे सांगायचं काय कारण होतं, ते मला अजून कळलेलं नाही. खरं होतं, एवढं त्याच दिवशी कळलं.

संध्याकाळी मी दार उघडलं. हा प्रसंग बाईंनी पुढं निदान दहा व्याख्यानांत सांगितला, मी समोर बसलेली असताना. "दार मानसशास्त्रानं उघडलं नाही," असं म्हणून त्या पाणी प्यायच्या. "तिला लघवीला लागली होती." सभागृह हसायचं. मी माझ्या चपलांकडे बघत बसायची. कुणाचं काही पोटात ठेवणं बाईंना जमतच नाही, असं माझं तेव्हापासून पक्कं मत झालं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी त्यांना विचारलं की मी तुम्हाला काय म्हणू. काकांनी, म्हणजे वडिलांच्या कागलच्या धाकट्या भावानं, आई म्हणायचं असं बजावून ठेवलं होतं. बाई म्हणाल्या, "बाई म्हण. कॉलेजात सगळ्या म्हणतात. आई तुला आहे. ती गेली म्हणून जागा रिकामी झाली असं होत नाही. हे काय सरकारी पद आहे, लगेच भरायला?"

समोरच्या घरातल्या मावशींनी त्याच आठवड्यात मला वाचवायचं व्रत घेतलं. मी शाळेला निघाले की त्या दारातून हाक मारायच्या, जेवलीस का गं, काय घातलं, शिळं तर न्हाय? परत येताना हात लावून माझे दंड तपासायच्या. वळ सापडला नाही की थोड्या हिरमुसायच्या आणि हातावर बेसनाचा लाडू ठेवायच्या. त्यांचा मुलगा दादा तेव्हा तालमीत जाणारा दांडगा गडी होता, तरी मावशी त्याच्या मागं दुधाचा पेला घेऊन फिरायच्या आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "पोटचं ते पोटचं बाई, त्याला तोड न्हाय." बाई त्यांना 'माझ्या निरीक्षक' म्हणत. एवढा चांगला नमुना रोज समोर उभा असताना तो त्यांनी एकाही व्याख्यानात कसा वापरला नाही, याचं मला नवल वाटायचं.

बाई गोष्टी सांगायच्या त्या रविवारी दुपारी, तांदूळ निवडताना. म्हणजे निवडायची मी आणि सांगायच्या त्या. अट एकच, दर वाक्याला मी 'हूं' म्हणायचं. 'हूं' आला नाही की गोष्ट तिथंच थांबायची. एकदा खडे शोधायच्या नादात मी चुकले तर एक राजपुत्र पुढच्या रविवारपर्यंत एक पाय रिकिबीत अडकवून उभा राहिला. "ऐकणारा नसेल तर गोष्ट सांगू नये," बाई म्हणायच्या. "ती सांगणाऱ्याच्या अंगावर येते."

पण हुंकार देऊनही गोष्ट शेवटाला गेली असं क्वचित झालं. आवडती आणि नावडती राणी आली की गाडी राजापाशी अडायची. दोन बायकांची मापं काढत बसणारा हा माणूस दिवसभर करतो काय, आणि राज्य कोण चालवतं, यावर एक दुपार गेली. नावडतीला गोठ्यातून कधी बाहेर काढणार एवढंच मला हवं असायचं. ती बिचारी माझ्या आठवणीत अजून गोठ्यातच आहे. शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येबद्दल बाईंचं म्हणणं असं की शापबिप काही नव्हता, तिला जन्मात पहिल्यांदा कुणी कामाला उठवलं नव्हतं. बोलणाऱ्या आरशावर त्यांचा तर विश्वासच नव्हता. आरसा बोलत नसतो, आरशामागं सासर उभं असतं.

या आरशानं त्यांची एकदा चांगली जिरवली. मी शाळेत ग्रंथपाल म्हणून लागल्यावर हौसेनं त्यांना चौथीच्या वर्गापुढं बोलायला बोलावलं होतं. बाईंनी मुलांना विचारलं की आरसा एवढा त्रास देत होता तर राणीनं तो फोडला का नाही. त्यांना पुढं बरंच काही सांगायचं होतं. पण पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मग येणी कशात बघून घालायची?" घरी आल्यावर बाईंनी वही काढून काहीतरी लिहिलं, आणि लिहिलेलं हातानं झाकलं.

बुटाच्या गोष्टीवर त्यांचा विशेष राग. एक बूट हातात घेऊन गावातल्या पोरींचे पाय मोजत हिंडणारा माणूस राजपुत्र म्हणून खपतो. आपल्या पेठेत आला असता तर तालमीतल्या पैलवानांनी त्याला त्याच बुटानं हाणला असता, असं त्या वर्गात सांगत. पण खरा शोध त्यांना चप्पल लाइनीत लागला. माझ्यासाठी चप्पल घ्यायला गेलो होतो. बाईंनी तिथल्या म्हाताऱ्या कारागिराला अख्खी गोष्ट सांगितली. तो कातडं कापता कापता हूं हूं करत होता. शेवटी मान वर न करता म्हणाला, "पळताना पायातनं निसटली म्हंजे सैल होती की वो. आन् दुसऱ्या दिशी त्योच बूट चपखल बसला? मग ती पोरगी दुसरीच आसणार."

बाई तिथंच दुकानाच्या फळीवर बसल्या. इतकी वर्षं शिकवून हे आपल्या ध्यानात आलं नाही याचा त्यांना एवढा आनंद झाला की माझी चप्पल घ्यायची राहूनच गेली. त्यानंतर प्रत्येक व्याख्यानात 'कोल्हापुरातल्या एका तज्ज्ञांच्या मते' असं म्हणून हे मत यायचं. राजपुत्रानं चुकीची पोरगी नेली, ते सगळ्या गावाला दिसत होतं, पण लग्न ठरलं होतं ना. या शेवटच्या वाक्याला बायका फार हसायच्या. काही जणी जरा उशिरा हसायच्या, तेवढ्याच बाई टिपून ठेवायच्या.

स्त्रीच्या मुक्तीवर बाई दोन तास बोलत, तेव्हा घरची भांडी मी घासलेली असायची. चौदाव्या वर्षी धीर करून मी हे त्यांना ऐकवलं. बाईंनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. आता तुला त्या बुटाच्या गोष्टीतल्या, राखेत राबणाऱ्या पोरीची बाजू आतून कळली, म्हणाल्या, मी सांगून कळली नसती. एवढं बोलून त्या परत पुस्तकात गेल्या आणि भांडी माझ्याकडंच राहिली. भाकरी त्यांना जन्मभर जमली नाही. तव्यावर टाकली की त्यांना काहीतरी सुचायचं.

त्यांचा मुख्य सिद्धांत सावत्र आईबद्दल होता, आणि तो मांडायला त्या पिशवीतून कात्री घेऊन जायच्या. व्याख्यानाला उभ्या राहिल्या की कागदाची एक बाई काढायची आणि सगळ्यांसमोर ती मधोमध कापायची. गोष्ट सांगणाऱ्याला आईचा राग सोसत नाही, म्हणून तो आईचे दोन तुकडे करतो. चांगला तुकडा पहिल्या पानावर मरतो. रागीट तुकडा दुसऱ्या पानावर नवं लुगडं नेसून दारातून आत येतो. बाई एकच असते. मग त्या विचारायच्या, आपल्या पोटच्या पोराला उचलून आपटावं असं ज्यांना एकदा तरी वाटलं असेल त्यांनी हात वर करा. एकही हात वर यायचा नाही. बाई स्वतःचे दोन्ही हात वर करायच्या. "एक माझा," त्या म्हणायच्या, "आणि एक तुम्हा सगळ्यांचा."

एका महिला मंडळानं त्यानंतर त्यांना हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. बाईंनी ते आपल्या कामाच्या वहीत 'परिणाम' या मथळ्याखाली लिहून ठेवलं.

हे सगळं मला हास्यास्पद वाटायचं आणि मी ते तसंच लिहिते आहे. एक गोष्ट मात्र या हसण्यात बसत नाही. मधल्या खोलीत आईचा हार घातलेला फोटो होता. मेल्यावर आई अशी काही देवी झाली होती की नातेवाईक तिच्याबद्दल डोळे पुसल्याशिवाय बोलत नसत. बाई दर शुक्रवारी त्या फोटोची काच स्वतः पुसायच्या आणि पुसता पुसता मला विचारायच्या, "हिला राग कशाचा यायचा गं?" मी आठवत नाही म्हणायची. आठवत होतं, पण सांगायचं नव्हतं. त्या दर शुक्रवारी विचारत राहिल्या. शेवटी एकदा मी सांगून टाकलं, की मी दुधावरची साय चोरून खायची आणि एकदा आईनं उलथनं फेकून मारलं होतं, हे बघा, इथं कोपराला. सांगितलं आणि मला रडू फुटलं, कारण त्या क्षणी मला आईचा आवाज ऐकू आला. ती गेल्यापासून पहिल्यांदा. बाईंनी मला जवळबिवळ घेतलं नाही. हातातलं फडकं त्यांनी घडी करून ठेवलं. "अस्सं," त्या समाधानानं म्हणाल्या. "माणूस होती म्हणजे."

त्यांचा अस्सलपणा मला एकदा फार महागात पडला. मी चोवीस वर्षांची असताना सांगलीकडचा एक मुलगा मला बघायला आला. शिक्षक होता. कमी बोलत होता आणि आमच्या कपाटातल्या पुस्तकांची नावं हात न लावता, मान वाकडी करून वाचत होता. मला तो आवडला. त्याच्या आत्यानं कौतुकानंच विचारलं की मुलगी सावत्र आईच्या हाताखाली वाढली म्हणजे कामाला तयार असेल. बाईंनी कप खाली ठेवला. "तयार आहे," त्या म्हणाल्या. "मी हिचा भरपूर छळ केलेला आहे. उरलेला तुम्ही करावा असं आमचं काही म्हणणं नाही."

पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. वडिलांनी नेहमीप्रमाणे सगळे दरवाजे बंद ठेवले. बाई दिवसभर त्या आत्याच्या वाक्याची चिरफाड करत होत्या, आणि मला कुणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुढं आलेल्या स्थळांना मीच नको म्हणत गेले, मग स्थळं यायची थांबली. बाईंना सात समुद्रापलीकडच्या राण्यांच्या मनातलं कळायचं. पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभ्या असलेल्या मुलीच्या मनात काय होतं, ते पंचवीस वर्षांत कळलं नाही.

बाई तीन दिवसांच्या आजारात गेल्या. वडील त्याआधीच गेले होते, त्यामुळे अग्नी मी दिला. आमच्याकडे पंचगंगेवर चितेला लाकूड नसतं, शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचतात. त्या रचलेल्या शेणी बघताना मला पावसात वाहून गेलेलं कावळ्याचं घर आठवलं, आणि नको त्या वेळी हसू आलं म्हणून मी ओढणी तोंडाला लावली. लोकांना वाटलं मी रडते आहे. दोन बायकांनी माझी पाठ थोपटली.

घरी आल्यावर त्यांच्या टेबलाच्या खणात उत्तरपत्रिकेची एक पुरवणी सापडली, लाल पेनानं लिहिलेली. आमच्या गावात माणूस गेला की गल्लीच्या तोंडाला फ्लेक्सचा बोर्ड लागतो. वर गेलेल्याचा फोटो, त्याखाली श्रद्धांजली, आणि सगळ्यात खाली शोक करणाऱ्यांची ओळ. बाईंनी त्या बोर्डाच्या सूचना लिहून ठेवल्या होत्या. हसरा फोटो नको. 'मातृतुल्य' आणि 'वात्सल्यमूर्ती' हे शब्द दिसले तर बोर्ड फाडावा. वर 'आमची सावत्र आई' असं ठळक लिहावं. खाली शोकाकुल म्हणून 'मुलगी'. या शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा होत्या आणि समासात लिहिलं होतं: "नुसतं मुलगी. सावत्र मी आहे. ती नाही."

मी तो कागद काकांना दाखवला.

काकांनी चष्मा लावून वाचला आणि काढून ठेवला. "असलं कुठं लावत्यात व्हय? लोक काय म्हणतील, बाई मेली तरी पोरीनं सावत्रपणा सोडला न्हाय. तिला काय, ती गेली. ह्या गल्लीत तुला ऱ्हायचं हाय."

काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. चाळीस वर्षं तो शब्द बाई स्वतः उच्चारायच्या आणि लोक त्यांच्याकडे बघायचे. आता तो माझ्या तोंडून निघणार होता, आणि लोकांना बघायला आता मीच उरले होते. बाईंचं ऐकलं तर गावाच्या लेखी मी कृतघ्न ठरणार. नाही ऐकलं तर जन्मभर ज्या शब्दासाठी त्या भांडल्या तो मीच पुसणार.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं. नैवेद्याचं पान ठेवून कावळा शिवायची वाट बघायची, आणि नाहीच शिवला तर गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असं धरून एकेकानं पुढं होऊन त्याला वचन द्यायचं, ही रीत. मी मनात सगळं ठरवून गेले होते. कावळा येणार नाही. मग मी पुढं होऊन बोर्डाचं वचन देईन, कावळा शिवेल, आणि काकांना चारचौघांत गप्प बसावं लागेल. बाईंच्या नावानं अंधश्रद्धेचा इतका व्यवस्थित वापर करायची माझी तयारी झाली होती. पण पान जमिनीला टेकतंय तोवर कावळा आला. दहीभात बाजूला सारून त्यानं बाईंना आवडते म्हणून ठेवलेल्या भेळेत चोच घातली. मागून आणखी तीन आले.

काकांचा चेहरा उजळला. "बघ. इच्छा म्हणून काय राहिलीच न्हाय तिची. आता गुमान आई म्हणून बोर्ड लावायचा."

मी काकांना कधी उलट बोलले नव्हते. "कावळ्याला भूक लागली होती काका," मी म्हणाले. "इच्छा कागदावर आहे."

फ्लेक्सवाल्याकडे मजकूर तयारच असतो, नाव आणि फोटो तेवढा बदलायचा. त्यानं माझा कागद दोनदा वाचला आणि आवाज खाली आणून विचारलं, घरात काही कोर्टकचेरी चालू आहे का. नाही म्हटल्यावर तो जरा मोकळा झाला.

"मग खाली पण सावत्र मुलगी टाकतो, ताई. वर सावत्र आन् खाली नुसतं मुलगी, जुळत न्हाय."

"नाहीच जुळत," मी म्हणाले. "तसंच टाका."

पडद्यावर त्यानं 'सावत्र' हा शब्द ओढून मोठा केला, तेव्हा मला जे वाटलं ते सगळं दुःखच होतं असं मी म्हणणार नाही. त्यात पोह्यांच्या बश्या होत्या. भांडी होती. दहा सभागृहांतलं हसू होतं. चांगला तुकडा आणि रागीट तुकडा कात्रीनं वेगळे केले की बाई मरते, हे मला बाईंनीच शिकवलेलं. मी तो शब्द आणखी थोडा मोठा करायला सांगितला.

बोर्ड लागला आणि काका म्हणाले होते ते सगळं झालं. तासाभरात त्याचा फोटो बाईंच्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर गेला. एकीनं हात जोडले, एकीनं रक्ताचं ते रक्ताचं असं लिहिलं. एका प्राध्यापिकेनं मला फोन करून, बाईंनी तुमच्यासाठी आयुष्य वेचलं, असं अर्धा तास सुनावलं. तिनं बाईंच्या हाताखाली सावत्र आई या विषयावरच प्रबंध लिहिला होता. उत्तरकार्याला काका आले, जेवले आणि माझ्याशी न बोलता कागलला गेले. दूध आणायला जाताना मला लोक बोर्डासमोर थांबलेले दिसायचे. वरची ओळ वाचून ते इतके भरून जात की खालपर्यंत कुणी पोचतच नव्हतं.

उत्तरकार्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या मावशी आल्या. आता त्या ऐंशीच्या पुढं आहेत, काठी लागते. आदल्या दिवशी जेवायला आल्या नव्हत्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, पायरीवरच बसल्या. तिथून गल्लीच्या तोंडाचा बोर्ड दिसतो. माझी ऐकून घ्यायची तयारी होती. आता ते मला चांगलं जमायला लागलं होतं.

"वाचला मी," मावशी म्हणाल्या. "वरचंबी आन् खालचंबी."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"माझा लागंल तवा असलं काय लिवू देऊ नकोस."

तुमचा बोर्ड दादा करणार, मला कोण विचारतंय, असं मी म्हणाले.

"त्यो आईच लिवणार," मावशी म्हणाल्या. "त्याला कुठं म्हाईत हाय."

मला कळायला वेळ लागला. दादा आता साठीला आलेत, दुधाची डेअरी आहे, नातवंडं खेळतात. अजून त्यांच्या मागं पेला घेऊन फिरणाऱ्या मावशींकडे मी बघत राहिले.

"बाईला म्हाईत होतं," त्या बोर्डाकडे बघत म्हणाल्या. "आली त्याच वर्सी वळकलं तिनं. तुझा दंड माझ्या हातात होता, तर कानाशी यिऊन म्हणती, सावत्र आईवर एवढी नजर सावत्र आईच ठेवती." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "म्हटलं, झालं. आता ही गावभर वाजवणार. चाळीस वर्सं धसका घेऊन बसलोय."

माझी लघवी दहा सभागृहांत नेणाऱ्या बाईंनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. मलासुद्धा नाही.

"थोरली भन गेली, तवा ह्यो अकरा म्हैन्यांचा होता," मावशी म्हणाल्या, आणि थांबल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. पुढचं त्यांच्या ओठांवर आलेलं दिसत होतं, पण बोलत नव्हत्या. त्या कशासाठी थांबल्यात ते मग माझ्या ध्यानात आलं.

"हूं," मी म्हणाले.